राग दिसतो, माणूस दिसत नाही

जामनगरला लग्न होऊन येईपर्यंत मोंघीला आपल्यात काही उणं आहे हे ठाऊकच नव्हतं. लालपूरच्या वाटेवर तिच्या बापाची वाडी होती. कांदा, लसूण, मेथी, आणि मोजकी माणसं. बाप खोकत यायचा, थोरला भाऊ शीळ घालत यायचा, आईच्या पायातल्या चांदीच्या कड्यांचा आवाज बांधापलीकडूनच कानावर पडायचा. कोण आलं हे तोंडाकडे बघून ठरवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. तोंड तिला दिसायचं, नाही असं नाही. डोळे, नाक, ओठ, गालावरचा तीळ, सगळं वेगवेगळं नीट दिसायचं. पण नजर जरा बाजूला झाली की ते सगळं पुसून जायचं, आणि पुन्हा बघितलं की पुन्हा नवंच. सगळ्यांचं असंच असतं, अशी तिची समजूत होती. जत्रेत तिची मैत्रीण लांबूनच "ती बघ, माझी मामी!" म्हणायची, तेव्हा मोंघीला वाटायचं, पोरगी भारीच हुशार आहे.

सासर नकुमांचं. नवरा लवजी पितळेचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. त्याच्या अंगाला तेलाचा आणि तापलेल्या पितळेचा वास असायचा, आणि मोंघीच्या लेखी लवजी म्हणजे तो वास आणि तो जड आवाज. घरात सासू झवेरमा, वरच्या मजल्यावर चुलतसासरे, खाली दीर-जाऊ. मोठ्यांसमोर पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची रीत होती. जावेला त्याचा जाच वाटे. मोंघीला मात्र पदराखाली बरं वाटायचं. पदराआडून कोणाला ओळखलं, कोणाला नाही, कोण विचारतंय?

पदर नसायचा तिथे पंचाईत. एकदा बसस्टँडवर ती पाण्याची बाटली घेऊन आली आणि निळ्या शर्टाच्या माणसाशेजारी जाऊन बसली, त्याच्या मांडीवर पिशवीही ठेवली. तो माणूस दचकून उठला. नणंद लाभू पलीकडे पोट धरून हसत होती. "अगं भाभी, तो दुसऱ्या कुणाचा तरी नवरा आहे! आपला तिकडे उभा आहे, तंबाखू मळतोय!" घरात किती दिवस ही गोष्ट चालली. मोंघीही हसायची. पण मनात आलेलं तिने कुणाला सांगितलं नाही. तो माणूस गप्प बसून राहिला असता तर आपण त्याच्याबरोबर बसमध्ये चढलोही असतो.

गल्लीत तिने एक युक्ती काढली होती. समोरून येईल त्याच्याकडे बघून हसायचं. ओळखीचा असेल तर बरंच झालं. पण एक दिवस झवेरमांनी ओट्यावर बसवून विचारलं, "वहू, तू येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांकडे बघून दात काढतेस म्हणे? लोक मला विचारतात." त्या दिवसापासून तिने हसणं बंद केलं. मग लोक म्हणू लागले, नकुमांची ती सून फार गर्वाची, समोरून गेली तरी ओळख देत नाही.

मुलगी झाली तेव्हा भीतीने पहिल्यांदा घर केलं. प्रसूतिगृहात शेजारीशेजारी पाळणे होते, सगळ्यांत सारखीच लाल, सुरकुतलेली बाळं. मोंघीने पहिल्याच दिवशी पोरीच्या पायात काळा धागा बांधला आणि नर्सला तो सोडू दिला नाही. झवेरमांना सुनेची श्रद्धा बघून भरून आलं. "नजर लागू नये म्हणून किती जपते बघा!" मोंघीने धाग्याची गाठ पुन्हा आवळली. नजर लागेल याची तिला भीती नव्हती. दुसऱ्याच बाळाला आपण छातीशी लावू, याची होती. पोर रडलं की मात्र शंका उरायची नाही. तो आवाज कानात शिरला की अंगभर ऊब पसरायची, दूध दाटून यायचं, आणि तेवढ्यापुरती ती कुठल्याही आईसारखी आई असायची.

पोरीचं नाव रिंकल. ती बालमंदिरात जायला लागली तेव्हा मोंघी फाटकाजवळच्या खांबाला टेकून उभी राहायची, हलायची नाही. एकाच रंगाच्या कपड्यांतली पोरं भसाभस बाहेर पडायची आणि त्यातली एक येऊन तिच्या पायांना मिठी मारायची. "मम्मी!" ऐकलं की मोंघीचा कोंडलेला श्वास सुटायचा. आपण शोधायचं नाही, पोरीने शोधायचं, अशी सोय तिने लावून घेतली होती. पण पोरीने शोधलं नाही तर, हा विचार मनात आला की ती तो घाईघाईने झटकून टाकायची.

रिंकल पहिलीत गेली त्या वर्षीच्या पावसाळ्यात गावभर मोबाइलवर एक बातमी फिरत होती. पोरं पळवणाऱ्या बायकांची टोळी आली आहे, साध्या घरच्या दिसतात, पोरांना गोड बोलून घेऊन जातात. कोणी म्हणे राजकोटला धरली, कोणी म्हणे खंभाळियाला. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. झवेरमा रोज संध्याकाळी दाराला कडी लावून विचारायच्या, "रिंकल आत आहे ना?" आणि मोंघी आत डोकावून म्हणायची, "आहे, मा."

आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीला, सगळे श्रावणातल्या मेळ्याला गेले. आदल्या दिवशी सातमीच्या व्रतामुळे चूल पेटली नव्हती. थंड थेपले आणि दही खाऊन कंटाळलेल्या पोरांना मेळ्यातलं तळलेलं खायची घाई झाली होती. लाभू सणाला माहेरी आलेली. मोंघीने रिंकलला मुद्दाम पिवळाधमक फ्रॉक घातला होता. लांबून दिसावा असा, हळदीसारखा. ती सारखी त्या पिवळ्याकडे बघत होती. गर्दी इतकी की आकाशपाळण्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. पिपाण्या, मोठ्या कर्ण्यांवरची गाणी, ‘मौत का कुआँ’मधल्या मोटरसायकलींचा धडधडाट. या सगळ्यात आवाज कुठला ऐकू येणार? मोंघीचे कान म्हणजे तिचे डोळे होते, आणि ते त्या दिवशी मिटल्यासारखे झाले होते.

"भाभी, तुम्ही बांगड्या बघा, मी हिला बर्फाचा गोळा खायला घालते," लाभू म्हणाली. लवजी मित्रांबरोबर कुठेतरी पुढे गेला होता.

गोळ्याच्या गाडीवर रिंकलने लाल पाक सगळा अंगावर सांडून घेतला. पोरगी रडायला लागली म्हणून लाभूने शेजारच्याच ठेल्यावरून चंदेरी टिकल्यांचा निळा फ्रॉक घेतला, तिथल्या तिथे बदलला, आणि पिवळा पिळून पिशवीत टाकला. यात तिची काय चूक? तिला तर वाटलं, भाभी खूश होईल.

मोंघी बांगड्यांवरून वळली तेव्हा गोळ्याच्या गाडीपाशी पाठमोरी पिवळ्या फ्रॉकमधली पोर उभी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. शेजारी लाभू नाही. ही पोरीला एकटी टाकून गेली कुठे? ती लोकांना ढकलत पुढे गेली आणि तिने पोरीचा हात धरला. "चल. किती वेळा सांगितलं, एकटं उभं राहायचं नाही!"

पोरीने मान वर करून बघितलं आणि हात ओढला. मोंघीला वाटलं, पाळण्यात बसू दिलं नाही म्हणून रुसली आहे. तिने आणखी घट्ट धरला. मग पोरीने तोंड उघडून किंकाळी फोडली, आणि तो आवाज रिंकलचा नव्हता.

तिथेच हात सोडायला हवा होता. पण मोंघीच्या डोक्यात एकच विचार आला. ही रिंकल नाही, तर मग रिंकल कुठे आहे? आणि त्या धक्क्याने तिची मूठ सुटायच्या ऐवजी आणखी आवळली.

"माझी पोरगी! सोड तिला! अरे धरा, पोरं पळवणारी आहे!"

एक बाई गर्दीतून धावत आली आणि तिने पायातली चप्पल काढून मोंघीच्या तोंडावर मारली. पुढचं काय, कोणी, कुठून, हे मोंघीला कधीच नीट सांगता आलं नाही. वेणी धरून कुणीतरी मागे खेचलं. पोलक्याची बाही फाटली. भुवईवर काहीतरी कठीण लागलं आणि डोळ्यात गरम ओल उतरली. "नाव सांग! कुठली तू?" "टोळीतले बाकीचे कुठे आहेत?" "हिचे फोटो काढा रे!" ती म्हणत होती, "मी नकुमांची, माझी रिंकल, पिवळा फ्रॉक..." पण कोण ऐकतंय? आणि पिवळा फ्रॉक म्हटल्यावर तर लोक आणखी चवताळले.

तिने चौफेर बघितलं. ओळखीचं कोणी असेल का? सगळीकडे तोंडंच तोंडं होती. प्रत्येक तोंडावरचा राग तिला लख्ख दिसत होता. ताणलेल्या शिरा, दाबलेले दात, बारीक झालेले डोळे, सगळं. फक्त त्या रागामागे माणूस कोण, ते दिसत नव्हतं. जणू एकच प्रचंड मोठा राग होता आणि त्याला शेकडो तोंडं फुटली होती. नंतर कळलं, गल्लीतला शिंपी मनसुख तिथे होता. तो लवजीला म्हणाला, "मी हात वर केला होता, भाई. भाभीने माझ्याकडे सरळ बघितलं आणि नजर फिरवली. मला वाटलं, दुसरीच कोणी बाई असेल."

हवालदार कैलासबा नसती तर मोंघी त्या दिवशी घरी आली नसती. धिप्पाड बाई, हातात काठी. तिने गर्दीत घुसून मोंघीला काखेत धरलं आणि ओढत पोलिसांच्या तंबूत नेलं. बाहेर लोक कनातीवर थापा मारत होते.

"गप्प बस, रडू नको," कैलासबा म्हणाली. "तुझी पोरगी मेळ्यात आहे म्हणतेस ना? मग कर्ण्यावरून पुकारते. आली की विषय मिटला."

तंबूत बाकावर दोन हरवलेल्या पोरी आधीच बसल्या होत्या, बिस्किटं खात. पुकारा झाला. थोड्या वेळाने कोणीतरी कनात उचलून आणखी एक पोर आत ढकलली आणि तिलाही बाकावर बसवलं. तिच्याबरोबरच्या बाईला बाहेरच अडवलं होतं. तिचा ओरडा आत येत होता, पण गर्दीच्या गलक्यात शब्द कळत नव्हते.

"हं," कैलासबा मोंघीकडे वळली. "यातली तुझी कोणती?"

मोंघीने डोळ्यावरचं रक्त पुसलं आणि बघितलं; मघा आत आलेली कोणती, ते त्या रक्तामुळे तिला दिसलंच नव्हतं. पिवळं काहीच नव्हतं. एक हिरवा फ्रॉक, एक निळा, एकीला सलवार-कुडता. दोघींना वेण्या, दोघींच्याही रिबिनी लाल. तिने पायांकडे बघितलं. काळा धागा तिघींच्याही पायात होता. तिच्या तळव्यांना घाम फुटला. यातली एखादी रिंकल असेल, किंवा एकही नसेल. एक पोर तिच्याकडे डोळे विस्फारून बघत होती. भीतीने बघत होती, हे मोंघीला दिसत होतं. पण फाटक्या कपड्यांतल्या, रक्ताने माखलेल्या बाईकडे कुठलंही पोर असंच बघेल.

"बोला ना गं," मोंघी पुटपुटली. "कोणीतरी बोला. नाव सांगा तुमचं."

"पोरींनी कशाला बोलायचं?" कैलासबाचा आवाज बदलला. "आई तू आहेस ना? बोट दाखव."

मोंघीने बोट उचललं. चुकीच्या पोरीकडे गेलं तर? ते बोट एकीवरून दुसरीकडे फिरत राहिलं. निळ्या फ्रॉकमधल्या पोरीचा ओठ हलला, पण आवाज फुटला नाही. शेवटी मोंघीने हात खाली घेतला. "मला ओळखू येत नाही, बेन."

कनातीला कान लावून उभ्या असलेल्या कुणीतरी ते ऐकलं. "ओळखू येत नाही म्हणते! खोटारडी आहे, द्या बाहेर!" तंबूचा एक दोर तुटला. बांबू कलला. कैलासबा काठी उगारून दाराकडे धावली. मोंघी जमिनीवर बसली आणि तिने डोकं गुडघ्यात घातलं. आता संपलं, असं तिला वाटलं.

तेव्हा निळ्या फ्रॉकमधल्या पोरीने हुंदका दिला. "मम्मी... मी आहे ना. तू मला का नाही घेतलंस?"

तो आवाज! मोंघी गुडघ्यांवर रांगत बाकापाशी गेली. तिच्या आत काहीतरी एकदम पेटल्यासारखं झालं, मघाचं सगळं दुखणं विसरायला लावणारं. "रिंकल! माझं बाळ, रिंकल!" पण तिने हात पुढे केले तशी पोरगी मागे सरकली आणि बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसली.

लाभू आत आली, मागोमाग लवजी. "माझी बायको आहे ती! माझी बायको आहे!" तो ओरडत होता, आणि त्या जड आवाजावरूनच मोंघीला कळलं की समोरचा धुळीने भरलेला माणूस आपला नवरा आहे.

लोक पांगले. माफी कोणी मागितली नाही.

दवाखान्यात भुवईला टाके पडले, अंगावरची सूज उतरली, पण घरातला ताण उतरला नाही. झवेरमांनी रिंकलचं अंथरूण आपल्या खोलीत नेलं. "वहू, राग मानू नको," त्या दारातूनच म्हणाल्या. "पण जिला पोटात वाढवली ती समोर बसलेली ओळखू येत नाही, तिच्यावर काहीतरी सावली पडली आहे. पोर काही दिवस माझ्याकडे राहू दे."

"मा, मी तिला ओळखते. ती बोलली की..."

"कुत्रीसुद्धा पिल्लू ओळखते, त्याने भुंकायची वाट बघत नाही."

मोंघीने तोंड फिरवलं. लवजी ऐकत होता. तो उठून बाहेर ओट्यावर गेला, आणि ते तिला जास्त लागलं.

रिंकल तिच्याजवळ यायची, पण आधी उंबऱ्यावर थांबून विचारायची, "मी कोण?" मोंघी म्हणायची, "रिंकल." मगच पोरगी आत यायची. एकदा तिने आवाज बदलून, नाक दाबून विचारलं. मोंघी क्षणभर अडखळली. पोरगी पळून गेली.

बाहेर जाणं तर मोंघीने सोडूनच दिलं. दुसऱ्या कुणाला मारलं असतं तर त्याला मारणारे निदान चार चेहरे आठवले असते. तो माणूस त्यांना टाळून बाकीच्या गावात मोकळा हिंडला असता. मोंघीला एकही आठवत नव्हता. म्हणून भाजीवाली, रिक्षावाला, दळणाच्या रांगेतली बाई, ज्याच्याशी नजर मिळेल तो प्रत्येक जण त्या दिवशीचा असू शकत होता. कोणी तिच्याकडे बघून हसलं की ती पदर आणखी पुढे ओढायची. हा का हसतोय? याने माझी वेणी धरली होती का?

टाके काढायला गेले तेव्हा लवजीने सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला भीतभीत विचारलं, "साहेब, हिला माणसं ओळखू येत नाहीत. डोळ्यांचं काही असेल का?" डोळे तपासले, चांगले निघाले. तिथून त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे धाडलं. नियती मांकड म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी मोंघीला घाईने काही विचारलं नाही. आधी लहानपणचं सगळं सांगायला लावलं. वाडी, बापाचा खोकला, बसस्टँड. मोंघीने हे आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं. ही बाई आता लिहून देईल की हिच्याजवळ पोर ठेवू नका, असं तिला वाटत होतं.

मग डॉक्टरांनी फोटो दाखवले. केस झाकलेले, नुसती तोंडं. "हा माणूस कसा आहे?"

"रागावलाय."

"ही?"

"हसतेय, पण मनापासून नाही."

डॉक्टरांनी लवजीकडे बघितलं. "बघा, भाव हिला तुमच्या-माझ्याइतके कळतात." मग त्यांनी आपला मोबाइल काढला, मघा बोलताना मोंघीच्या नकळत घेतलेला तिचाच फोटो उघडला, बोटाने केस आणि कपाळ झाकलं, आणि इतर फोटोंच्या पाठोपाठ पुढे धरला. "आणि ही कोण?"

मोंघीने नीट निरखून बघितलं. "माहीत नाही, बेन. कोणीतरी फार घाबरलेली बाई आहे."

लवजी खुर्चीतून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याने पाठ केली होती, पण त्याचा श्वास मोंघीला ऐकू येत होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. माणसाच्या डोक्यात, मागच्या बाजूला, उजव्या कानाच्या आतल्या अंगाला थोडी जागा असते, तिचं काम चेहरे जुळवून ठेवण्याचं. काहींची ती जागा जन्मापासूनच कच्ची असते. राग, हसू, भीती ओळखायचं काम दुसऱ्या वाटांनी चालतं, म्हणून ते शाबूत राहतं. "आपलं माणूस दिसलं की आत गोड वाटतं ना, तेही डोक्यातच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ते डोळ्यांच्या वाटेने मिळत नाही, कानाच्या वाटेने मिळतं. माया कमी आहे असं नाही, लवजीभाई. हिचं दार दुसरीकडे आहे."

"औषध?" लवजीने विचारलं.

"औषध नाही. घरातल्या सगळ्यांनी आधी बोलायचं, मग जवळ यायचं. एवढंच."

परत येताना रिक्षात लवजी तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "लग्नानंतर मी कामावरून यायचो, तू दारात उभी असायचीस आणि मी बोलेपर्यंत आत वळायची नाहीस. मला वाटायचं, लाजते." तो ओशाळं हसला. "तू तपासत होतीस होय मला?"

"तुमच्या शर्टाला तेलाचा वास नसायचा त्या दिवशी फार भीती वाटायची," मोंघी म्हणाली.

त्या दिवशी त्याने स्वतः जाऊन रिंकलचं अंथरूण परत आणलं. झवेरमा कुरकुरल्या. डॉक्टरचं त्यांना अर्धंच पटलं. पण घरात शिरताना त्या उगाच मोठ्याने "जय श्रीकृष्ण, मी आहे गं," म्हणायला लागल्या.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. दुपारी मोंघी ओट्याच्या आतल्या बाजूला बसून कारखान्यातून आलेले पितळेचे बारीक भाग वेगळे करत होती. दारात एक बाई आली, सोबत लहान पोर. "नकुमांचं घर ना? लवजीभाई आहेत?" आवाज बसलेला, सर्दीने घोगरा झालेला. कारखान्यातल्या कुणाची बायको असेल म्हणून मोंघीने तिला आत बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. बाई फार अवघडून बसली होती. तिच्या तोंडावर काहीतरी होतं, दुःख म्हणावं की लाज, मोंघीला कळेना.

"तुमची भुवई बरी झाली?" बाईने विचारलं.

"झाली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाई उत्तर देणार तोच तिची पोर ओट्यावरून उतरून रस्त्याकडे धावली. मागून टेम्पो येत होता. "ए धारा! थांब! धरा तिला!" बाई घशाच्या शिरा ताणून ओरडली.

मोंघीच्या हातातली बशी खाली पडली. तो आवाज. "धरा." तोच. ती भिंतीला पाठ लावून स्वयंपाकघराकडे सरकू लागली. दार लांब होतं, घरात कोणी नव्हतं. आपण हिला आत घेतलं, हिच्यासमोर बसलो, हिला चहा देत होतो!

बाई पोरीला कडेवर घेऊन परत आली आणि तिने मोंघीचं तोंड बघितलं. "ओळखलंत आता," ती हळू आवाजात म्हणाली. "मी दया. मला वाटलं, मला बघताच हाकलून द्याल. तुम्ही बसा म्हणालात, मला वाटलं, मोठ्या मनाने माफ केलंत. मग तुम्ही साखर किती विचारलीत, तेव्हा कळलं की तुम्हाला मी कोण तेच माहीत नाही." ती रडायला लागली. "मी त्या दिवशी बघितलंच नाही, बेन. तुम्ही पण घाबरलेल्या होतात, ते मला दिसत होतं हो, पण मी बघितलं नाही."

मोंघीला तिला जा म्हणायचं होतं. चूल चालू होती, चहा उतू जात होता. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "आज जा. पुन्हा याल तर दारातूनच नाव सांगा. नाव सांगितल्याशिवाय पायरी चढू नका."

दया गेली. मोंघीने कडी लावली आणि लवजी येईपर्यंत ती दाराशी बसून राहिली. पण दया पुन्हा आली. ओट्याखाली उभी राहून तिने हाक मारली, "मोंघीबेन, मी दया. येऊ का?" मोंघीने खूप वेळ लावला, पण दार उघडलं. मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. बाजारात मात्र दया लांबूनच नाव पुकारते, आणि त्या गर्दीत तेवढं एक तोंड तरी कोणाचं आहे हे मोंघीला कळतं.

रिंकल आता सातवीत आहे. शाळा सुटली की फाटकाशी येऊन ती रोज म्हणते, "मम्मी, मी." लहानपणी मोठ्याने म्हणायची, आता कुजबुजते, कारण मैत्रिणी हसतात. परवा मोंघी नेहमीच्या जागी उभी होती. मुलींचा लोंढा आला आणि ओसरला. कोणी बोललं नाही. तिच्या तळव्यांना घाम फुटला, मेळ्यातला तो गोडसर पाकाचा वास कुठून तरी नाकात आला. जावं का आत? विचारावं का कुणाला? मग समोरून हसत-खिदळत एक घोळका गेला, आणि त्यात डाव्या पायाची चप्पल जरा घासत जाणारी, घरात रोज कानावर पडणारी एक चाल होती. ती चाल मोंघीच्या पुढ्यात आली तशी मंदावली, थबकल्यासारखी झाली, आणि पुढे गेली.

हाक मारायला मोंघीचं तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं आणि घोळका वळणापलीकडे जाईपर्यंत ती जमिनीकडे बघत राहिली.

घरी रिंकल आधीच पोहोचली होती. "मम्मी, आज मी मागच्या फाटकाने आले," ती वहीत डोकं घालून म्हणाली. "तू मला कुठे बघितलं नाहीस ना?"

"नाही गं," मोंघी म्हणाली. "मला कुठलं दिसायला?"

आणि पदराने तळवे पुसत ती चहा ठेवायला आत गेली.